चियांग माईची सहल: हप्त्यांवर मार्चमध्ये, की साठवून नोव्हेंबरमध्ये?

साताऱ्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: यजमान एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर, त्या स्वतः घरी शिवणकाम करतात. दोघांचं मिळून महिन्याला ८२,००० हातात येतात. त्यातून घरकर्जाचा हप्ता १९,०००, एसआयपी ८,००० आणि घरखर्च ४०,०००. तीन लाखांची एफडी आहे, शिवाय बचत खात्यात सहलीसाठी म्हणून बाजूला ठेवलेले ६०,०००. मुलगी सात वर्षांची. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून थायलंडला जायचं ठरतंय. पट्टाया-फुकेट नको, उत्तरेकडचे चियांग माई आणि माए होंग सोन हे शेजारशेजारचे दोन प्रांत गाडीने फिरायचे आहेत. एका एजंटने मार्चच्या शेवटच्या आठवड्याचं सहा रात्रींचं पॅकेज दिलंय: रोख १,९२,०००, किंवा ८,७५० चे २४ ‘बिनव्याजी’ हप्ते आणि ३,००० प्रोसेसिंग. टोकन म्हणून ५,००० भरून झालेत. त्यांचा प्रश्न: हप्ते घ्यावेत की एफडी मोडावी?

ताई, तुम्ही पत्रासोबत एजंटचं कोटेशन पाठवलंत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. दोन्ही नको. सहल मात्र नक्की करा, फक्त नोव्हेंबरमध्ये. दहा वर्षांनी एकदा मनात आलेली गोष्ट ‘पैसे वाचवा’ म्हणून रद्द करायला लावणारी मी नाही.

आधी मार्चचं बोलू. तुम्ही लिहिलंय, ‘एजंट म्हणतो याच काळात दर सर्वात कमी असतात.’ दर उतरतात हे खरं आहे, आणि कारणही साधं आहे. उत्तर थायलंडमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल शेतातलं पीक काढल्यावर उरलेलं पेटवून देतात, मक्याची धाटं जळतात, जंगलात वणवे लागतात, सीमेपलीकडच्या म्यानमारमधूनही धूर येतो. चियांग माई डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात वसलेलं, त्यामुळे हा धूर तिथेच कोंडून राहतो. मार्चमध्ये कितीतरी दिवस हे शहर जगातल्या सर्वात प्रदूषित शहरांच्या यादीत अगदी वर असतं. समोरचा डोंगर दिसत नाही, डोळे चुरचुरतात. आणि तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, मुलीला थंडीत कधीमधी नेब्युलायझर लावावा लागतो. ही ओळ वाचल्यावर मार्चचा विषय माझ्यापुरता संपला. दर उतरलेत कारण त्या दिवसांत तिथे पाहण्यासारखं काही उरत नाही. तुम्ही साताऱ्याच्या आहात, कोणी पाहुणे कासची फुलं बघायला भर उन्हाळ्यात निघाले तर तुम्ही त्यांना काय सांगाल? आणि गंमत म्हणजे तिकडेही एक कास आहे. माए होंग सोन प्रांतात खुन युआमजवळ डोई माए ऊ खो नावाचा डोंगर आहे. नोव्हेंबरात त्याच्या उतारांवर रानसूर्यफुलं फुलतात, सगळा उतार पिवळा होतो. पाऊस संपलेला, हवा स्वच्छ, सकाळी स्वेटर लागेल इतकी थंडी. तुमच्या लेकीला श्वास मोकळा घेता येईल.

आता हप्त्यांबद्दल. एकाच सहलीचा रोखीचा भाव १,९२,००० आणि हप्त्यांचा २,१०,०००, तर मधले १८,००० कोणाचे? ते व्याजच आहे, फक्त नाव दिलेलं नाही. प्रोसेसिंगचे ३,००० धरून हिशेब केला तर वर्षाला दहा टक्क्यांच्या थोडा वर दर पडतो. हा काही सावकारी दर नाही, वैयक्तिक कर्ज बहुधा याहून महाग पडेल. माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे. तुमच्या घरात महिन्याला १५,००० उरतात. त्यातले ८,७५० दोन वर्षं आधीच कोणाच्या तरी नावावर होणार. मुलगी तिसरीत जाईपर्यंत तुम्ही एका आठवड्याचे पैसे फेडत राहाल, आणि त्या दोन वर्षांत घरात पाहुणे आले, दात दुखला, मोटार बंद पडली, तरी हा हप्ता पुढे ढकलता येणार नाही.

एफडीचं उत्तर याहून सोपं आहे, पण लोक तिथे चुकीच्या आकड्याकडे बघतात. मुदतीआधी मोडल्यास अर्धा-एक टक्का व्याज कमी मिळेल, ते किरकोळ. महत्त्वाचं हे, की मागे किती उरतं. घरखर्च आणि घरकर्ज मिळून तुमचा महिना ५९,००० चा आहे, म्हणजे तीन लाखांत पाच महिने निघतात. पॅकेजसाठी १,३२,००० काढले, तिथला वरखर्च साधारण ४९,००० (तो कसा, ते पुढे सांगते), तर उरतात १,१९,०००. दोन महिने. यजमान ज्या कारखान्यात आहेत तिथे ऑर्डरी कमी झाल्या की आधी ओव्हरटाइम बंद होतो, हे तुम्हीच लिहिलंय. ती एफडी सहलीची नाहीच. तिला हात लावू नका.

आता कोटेशन. त्यात विमान, हॉटेल, नाश्ता आणि भाड्याची गाडी आहे. काय नाही ते बघा: दोन वेळचं जेवण, पेट्रोल, राष्ट्रीय उद्यानांचं प्रवेशशुल्क. आणि तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, गाडीचं १०,००० बाटपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. हिशेबासाठी एक बाट म्हणजे तीन रुपये धरा. प्रत्यक्षातला दर बदलत असतो, म्हणून सहलीचं गणित नेहमी जरा चढंच मांडावं. म्हणजे घाटात बंपर घासला की ३०,००० रुपयांपर्यंत तुमच्या खिशातून.

हे वाक्य मी इतकं धरून बसलेय, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. चियांग माईला आम्ही गाडी परत द्यायला गेलो तेव्हा काउंटरवरचा मुलगा टॉर्च घेऊन उकिडवा बसला आणि एकेक चाक बघायला लागला. डाव्या मागच्या रिमवर बोटभर चरा. तो म्हणाला, हा तुमचा. सुदैवाने गाडी ताब्यात घेतानाच यांनी मोबाइलवर चारी बाजूंचा, चाकांचा, छताचा व्हिडिओ काढला होता आणि चरा त्यात स्पष्ट होता. नाहीतर ठेव म्हणून क्रेडिट कार्डवर अडकवलेली रक्कम आली तशी परत मिळाली नसती.

म्हणून तुम्ही हे सगळं स्वतः बुक करा. यजमानांना महाबळेश्वर-पोलादपूरचा घाट चालवायची सवय आहे असं तुम्ही लिहिलंत, त्यामुळे हे जमेल. थायलंडमध्ये आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंगही उजवीकडे. चियांग माईहून पाई, तिथून माए होंग सोन, मग खुन युआमवरून माए सारियांग आणि परत चियांग माई असा गोल साधारण ६०० किलोमीटरचा आहे. वळणं १,८६४ असल्याचं तिथे अभिमानाने सांगतात. एकट्या पाईपर्यंतच्या १३० किलोमीटरांत ७६२ वळणं, तीन तास लागतात. पाईला दोन रात्री, माए होंग सोनला दोन, माए सारियांगला एक आणि शेवटची चियांग माईत असं ठेवा. शेवटच्या टप्प्यात वाट थोडी वाकडी करून डोई इन्थानन करता येतं; २,५६५ मीटरचा हा थायलंडमधला सर्वात उंच डोंगर.

माझं गणित असं. विमानाचं जाऊन-येऊन माणशी २६,००० धरते, तिघांचे ७८,००० (मुलीचंही जवळजवळ पूर्णच लागेल). तिथे छोटी ऑटोमॅटिक गाडी पाच दिवस, रोज १,२०० बाट, आणि वरचा संपूर्ण विमा (म्हणजे नुकसान आपल्या अंगावर येत नाही) रोज ३०० बाट: ७,५०० बाट. पुढचे आकडेही बाटमध्येच. पेट्रोल इकडेतिकडे धरून ७५० किलोमीटरांचं, २,२००. सहा रात्रींची साधी, स्वच्छ हॉटेलं ७,८००. जेवणखाण ८,४००. उद्यानं, गुहा, तराफा वगैरे २,५००. डोई इन्थाननलाच परदेशी प्रौढाला ३०० बाट लागतात. बेरीज २८,४०० बाट, म्हणजे ८५,२००. त्यात साताऱ्याहून मुंबईपर्यंतचा प्रवास, प्रवासविमा, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, सिमकार्ड मिळून १०,०००. एकूण १,७३,२००. वर दहा टक्के हात राखून ठेवले की १,९०,०००.

पॅकेजवर याच जेवण-पेट्रोल-प्रवेशाचे ३९,३०० आणि हे १०,००० चढवले, तर रोखीत २,४१,३०० आणि हप्त्यांत २,६२,३०० होतात. तिथला वरखर्च ४९,००० म्हटला होता, तो हाच. शिवाय परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ वसूल केलेला आयकर, लागतो. तो विवरणपत्र भरून वळता करता येतो, पण तोवर पैसे अडकतात. विमानाचं तिकीट एकाकडून आणि हॉटेल थेट हॉटेलकडून घेतलं, तर ते पॅकेज धरत नाहीत.

पैसे कसे जमतील? मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत आठ महिने १३,००० ची आरडी: १,०४,०००. हातातले ६०,०००. दिवाळी बोनस साधारण २५,००० असतो म्हणता. झाले १,८९,०००, वर आरडीचं थोडं व्याज. एसआयपी चालू, एफडी जागच्या जागी. महिन्याला २,००० च मोकळे राहतात, हे ओढाताणीचं आहे हे मला कळतं. एखाद्या महिन्यात नाहीच जमलं, तर आरडीचा हप्ता चुकल्याचा दंड किरकोळ असतो. एजंटच्या हप्त्याचं तसं नाही.

जिथे काटकसर करायची नाही ती जागा सांगते. गाडीचा वरचा विमा घ्याच. ४,५०० रुपयांत ३०,००० ची टांगती तलवार जाते, आणि १,८६४ वळणांवर यजमान मोकळ्या मनाने चालवतील. दुसरं, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. आपल्या एमएच-११ च्या आरटीओत मिळतो, शुल्क १,०००, मुदत एक वर्ष. म्हणून आत्ता घाई नको, सप्टेंबरमध्ये काढा आणि मूळ लायसन्स सोबत ठेवा. वैध परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, प्रवासविमासुद्धा. हजार रुपये वाचवायला जाऊन दवाखान्याचं लाखाचं बिल अंगावर घेऊ नका. पाईला स्कूटर भाड्याने सर्रास मिळतात, तो मोह टाळा. दुचाकीसाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते, आणि त्या स्कूटरवर बहुतेकदा सक्तीचा तेवढाच विमा असतो. स्कूटर मोडली तर भरपाई तुमचीच. पासपोर्ट ठेव म्हणून कोणी मागितला तर दुसरं दुकान बघा.

गाडीच्या ठेवीसाठी बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डच चालतं, आणि १०-२० हजार बाट त्यावर अडकवून ठेवतात. यजमानांच्या कार्डाची मर्यादा ७५,००० आहे, म्हणजे त्यातली बरीचशी तेवढे दिवस वापरता येणार नाही. रोजच्या खर्चाला वेगळं फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं परकीय चलनाचं कार्ड, घ्या. एटीएममधून काढताना आपल्या कार्डांना दर वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क पडतं, तेव्हा थोडे थोडे काढू नका, चियांग माईतच एकदम काढा. पुढच्या गावांत रोख लागतेच. मशीनने ‘रुपयांत भरता का’ विचारलं तर नाही म्हणा आणि बाट निवडा. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही. व्हिसाचा नियम तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा तपासा, तो बदलत असतो.

पहिल्या दिवशी पाईच्या रस्त्यावर मुलीला पुढे बघत बसवा, मोबाइल देऊ नका, उलटीच्या गोळीचं डॉक्टरांना आधी विचारा. आणि अंधार पडल्यावर घाटात गाडी घालू नका.

राहिले टोकनचे ५,०००. तुम्ही लिहिलंय, ‘ते बुडतील म्हणून यजमान अडून बसलेत.’ त्यांना सांगा, ते पैसे आज तुमच्याकडे नाहीतच. मार्चला गेलात तरी नसतील, नाही गेलात तरी नसतील. त्या पाच हजारांसाठी आणखी दोन लाख आणि मुलीची तब्येत पणाला लावायची का, एवढाच प्रश्न आहे. तरी उद्या एजंटकडे स्वतः जा, फोन करू नका, आणि विचारा की हे ५,००० नोव्हेंबरच्या नुसत्या विमानतिकिटात वळते करतो का. गिऱ्हाईक जाण्यापेक्षा तिकीट विकलेलं बरं म्हणून बरेच जण तयार होतात. तयार झाला तर पावतीवर तसं लिहून घ्या, आणि त्याचा तिकिटाचा भाव विमान कंपनीच्या भावाशी ताडून बघितल्याशिवाय पुढचा रुपया देऊ नका.