एसीचा ठेकेदार उरलेले पैसे मागतोय, पण वरचा मजला थंडच होत नाही

प्रश्न: नाशिकला गंगापूर रोडवर आमचा 1994 मधला दुमजली बंगला आहे, आईच्या नावावर. साडेपाच टनांचा जुना सेंट्रल एसी बदलायचं काम पुण्याच्या एका ठेकेदाराला 6,80,000 रुपयांत दिलं. थंड हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांबद्दल, म्हणजे डक्टबद्दल, 'जुने डक्ट पाहिले, वापरण्याजोगे आहेत' असं त्याने कोटेशनमध्ये लिहिलं आहे. साडेआठ टनांचं नवीन मशीन बसवलं, तांब्याची पाइपलाइन जुनीच ठेवली. 5,00,000 रुपये दिले. त्यातले 1,50,000 रोख होते, पावती नाही, फक्त 'मिळाले' असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे. वर गारवा येत नाही, हॉलच्या पीओपीतून पाणी टपकतं, दोन वेळा गॅस भरून झाला. आता तो म्हणतो, "डक्ट तुमचे आहेत. उरलेले पैसे द्या, नाहीतर आउटडोअर काढून नेतो." खालच्या एका खोलीत पत्नी शिकवणी घेते. दुसऱ्या मेकॅनिककडून दुरुस्त करून घेऊन मग केस करू का?

उत्तर: आधी केस नाही आणि आधी दुरुस्तीही नाही. आधी तपासणी. दुसऱ्या मेकॅनिकने एकदा पाइप कापला किंवा गॅस काढला, की ठेकेदार म्हणणार, "मी बसवलं तेव्हा सगळं ठीक होतं, बिघाड यांच्या माणसाने केला." असं झालं की तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा तुमच्याच हाताने गेलेला असतो.

एसीच्या कामाची माहिती असलेला स्वतंत्र मेकॅनिकल इंजिनिअर किंवा सल्लागार नेमा. तपासणीची तारीख आणि वेळ ठेकेदाराला सात दिवस आधी स्पीड पोस्टने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा. तो आला तर त्याची सही घ्या. नाही आला तर 'कळवूनही हजर नाही' असं अहवालात लिहून घ्या.

अहवालात 'काम निकृष्ट आहे' एवढंच वाक्य असेल तर त्याचा उपयोग नाही. आकडे हवेत. एका टनाला साधारण 400 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) हवा धरतात. म्हणजे तुमचे जुने डक्ट अंदाजे 2,200 सीएफएमसाठी केलेले असणार आणि नव्या मशीनला 3,400 च्या आसपास हवा लागते. डक्ट तेवढेच ठेवले तर आतला दाब वाढतो, लांबच्या खोल्यांपर्यंत हवा पोहोचत नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळला की पाणी ट्रेबाहेर सांडतं. त्यातून वरचा मजला स्लॅबखाली तापलेला. म्हणून प्रत्येक ग्रिलवरची हवा मोजा, डक्टमधला स्टॅटिक दाब मोजा, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक लिहा. हा फरक साधारण 8 ते 12 अंश असायला हवा.

पाणी नेमकं कुठून येतं हे वेगळं ठरवून घ्या, कारण जबाबदारी त्यावर फिरते. ड्रेन पाइपला उतार नाही किंवा ट्रॅप (पाणी धरून हवा अडवणारा पाइपचा वळसा) बसवलेला नाही, तर दोष सरळ ठेकेदाराचा. जुन्या डक्टचं इन्सुलेशन फाटून पत्र्याला घाम येत असेल, तर तो 'डक्ट तुमचे' म्हणणारच. पण 'डक्ट पाहिले, वापरण्याजोगे' हे लेखी देणाऱ्याला तो बचाव जड जाईल. कोटेशनमधलं हे वाक्य तुमच्या प्रकरणाचा कणा आहे, मूळ कागद जपून ठेवा.

गॅस दोन वेळा भरावा लागला याचा अर्थ गळती आहे. जुनी यंत्रणा आर-22 गॅसची आणि नवीन आर-410ए गॅसची असेल, तर नव्या गॅसचा दाब दीडपटीहून जास्त असतो आणि तेलही वेगळं लागतं. जुने जोड तसेच ठेवले, पाइप धुतला नाही, नायट्रोजन भरून दाबाची चाचणी केली नाही, तर गळती होणारच. ठेकेदाराकडे या चाचणीची नोंद आणि मशीन सुरू करतानाचा कमिशनिंग रिपोर्ट लेखी मागा. दिला नाही, तर तेही नोटिशीत येईल. मशीनच्या कंपनीकडेही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक ठेवा. कंपनीचा माणूस आला तर त्याचा सर्व्हिस रिपोर्ट घ्या, पण तुमच्या तपासणीआधी त्याला काही उघडू देऊ नका.

अहवाल हातात आला की नोटीस द्या: पंधरा दिवसांत दोष दूर करा, अन्यथा आम्ही दुसऱ्याकडून काम करून घेऊ आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. मुदत संपल्यावर बेधडक दुरुस्ती करा. बिलं, फोटो आणि काढलेले जुने भाग ठेवा. उरलेल्या 1,80,000 रुपयांबद्दल 'देणार नाही' असं लिहू नका. 'काम पूर्ण आणि योग्य झाल्यावर द्यायला तयार आहोत' असं लिहा.

दाद ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली मागा. पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली, तर बहुधा 'दिवाणी वाद आहे' असं उत्तर मिळून महिने वाया जातील. ठेकेदार पुण्याचा असला तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नाशिक जिल्हा ग्राहक आयोगातच. कोटेशनखाली 'पुणे न्यायक्षेत्र' छापलेलं असलं तरी कलम 34 ने दिलेला हा हक्क जात नाही. अधिकारक्षेत्र आणि फी दिलेल्या मोबदल्यावर ठरतात. 5,00,000 रुपयांपर्यंत फी नाही, आणि तुम्ही बरोबर तेवढेच दिलेत. तक्रार ई-जागृती पोर्टलवर दाखल होते. कोटेशन आईच्या नावावर असेल तर तक्रारदार आईच असू द्या, तुम्ही त्यांचे अधिकारपत्रधारक व्हा.

शिकवणीवरून 'हा व्यावसायिक वापर आहे' असा मुद्दा तो काढेल. घर राहण्यासाठी आहे, शिकवणी एका खोलीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये खरेदीचा मुख्य हेतू पाहायला सांगितलं आहे, त्यामुळे याची धास्ती नको. मात्र तक्रारीत ती खोली लपवू नका, पहिल्याच पानावर सांगा.

रोख रकमेसाठी 'मिळाले' हा मेसेज चालेल. स्क्रीनशॉटवर थांबू नका. मूळ चॅट फोनमध्ये ठेवा, फोन बदलू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, प्रमाणपत्र जोडा. पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, ते तक्रारीत वेगळं मांडा. बँकेतून त्याच सुमारास काढलेल्या रोख रकमेचं स्टेटमेंटही लावा.

मागणी मोजून करा: दोष दूर करण्याचा खर्च, पीओपी आणि रंगाचं नुकसान, त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. सगळे 5,00,000 परत हवे असतील तर मशीन परत द्यायची तयारी दाखवावी लागेल. मशीन चांगलं आणि बसवणं वाईट असेल, तर दुरुस्तीचा खर्च मागणं जास्त शहाणपणाचं. ठेकेदाराला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात, त्यापुढे आयोगाला मुदत वाढवता येत नाही.

आउटडोअर नेण्याच्या धमकीला घाबरू नका. माल तुमच्या ताब्यात आल्यावर, पैसे बाकी आहेत म्हणून तो उचलून नेता येत नाही. गच्चीच्या दाराला कुलूप लावा, मशीनचा सिरियल क्रमांक दिसेल असा फोटो काढून ठेवा, आणि धमकीचा मेसेज आला की त्याच दिवशी लेखी कळवा की परवानगीशिवाय आवारात येऊ नये. तरीही माणसं घेऊन आला, तर तेव्हा मात्र पोलिसांना फोन करा. भारतीय न्याय संहितेचं कलम 329 (बेकायदा आवारात शिरणं) त्याच्यासाठीच आहे.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पहिली गळती कधी दिसली, ती तारीख आजच लिहून ठेवा.