फरकांची यादी झाली, निबंध कुठे आहे?

प्रश्न: मी एम. ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. संशोधन निबंधासाठी ‘शाळा’ ही कादंबरी आणि तिच्यावरचा सिनेमा घेतला. कोणते प्रसंग गाळले, कोणते बदलले याचा मोठा तक्ता केला. सर म्हणाले, ‘ही यादी झाली, निबंध कुठे आहे?’ विषय बदलू का? आणि याचा पुढे नोकरीसाठी काही उपयोग होईल का?

उत्तर: विषय अजिबात बदलू नकोस. तक्ता हा तुझा कच्चा माल आहे. सरांना हवं आहे ते तुझं म्हणणं, म्हणजे ज्यावर कुणी वाद घालू शकेल आणि तुला पुराव्यानिशी पटवून द्यावं लागेल असं एखादं विधान. ‘सिनेमात बरेच प्रसंग गाळले आहेत’ हे कुणीच नाकारणार नाही, मग त्यावर लिहायचं काय?

मिलिंद बोकील यांच्या २००४ च्या कादंबरीत मुकुंद जोशी स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतो. नववीतला मुलगा काय बघतो आणि त्यावर मनात काय म्हणतो, हे तिथे एका दमात येतं. कॅमेऱ्याला बघणं सोपं, मनातलं बोलणं अवघड. दिग्दर्शक सुजय डहाके यांनी ती जागा कशाने भरली? चेहऱ्याने, शांततेने, संगीताने? आणि त्यामुळे पडद्यावरचा मुकुंद पुस्तकातल्यापेक्षा शहाणा वाटतो की भाबडा? या शेवटच्या प्रश्नाला तू जे उत्तर देशील, तोच तुझा निबंध.

त्यासाठी अख्खा सिनेमा नको. जोशीला आवडणाऱ्या मुलीचा, शिरोडकरचा, एकच प्रसंग निवड. कादंबरीतली तीन-चार पानं आणि पडद्यावरची तेवढीच मिनिटं समोर ठेव. एकदा आवाज बंद करून बघ, मग डोळे मिटून नुसतं ऐक. ती दिसते तेव्हा जोशी चौकटीत आहे, की आपण त्याच्याच डोळ्यांनी तिला बघतोय? शॉट कुठे तुटतो? हे टिपताना पुस्तकाची आवृत्ती आणि पान, सिनेमातला मिनिट-सेकंद लिहूनच ठेव. नंतर शोधत बसलीस तर आठवडा जाईल.

‘मूळ कृतीला न्याय दिला का’ या प्रश्नात मात्र अडकू नकोस. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर मिळून बेतला आहे. तिथे न्याय नेमका कोणत्या कादंबरीला द्यायचा? सांगणं आणि दाखवणं यांतला फरक समजून घ्यायला लिंडा हचन यांचं रूपांतरावरचं पुस्तक (२००६) वाच. निदान पहिली प्रकरणं तरी वाचच.

नोकरीचं म्हणशील तर नुसत्या निबंधावर ती मिळणार नाही. पण पटकथालेखन, सबटायटलिंग, निर्मितीसंस्थांसाठी कादंबऱ्या वाचून त्यांवर सिनेमा होईल का याचा अहवाल लिहिणं, या सगळ्यांत हीच नजर लागते. अध्यापनात जायचं असेल तर नेट-सेटची तयारी आत्तापासूनच कर. पटकथेकडे ओढा असेल तर निवडलेल्या त्याच पानांची पटकथा स्वतः लिहून बघ. काम मागायला जाशील तेव्हा दाखवायला ती कामी येईल, आणि दिग्दर्शकाला कुठे अडलं असेल तेही लिहिताना कळेल.

सरांना पुढच्या वेळी भेटशील तेव्हा तक्ता घरीच ठेव. एक विधान आणि त्या एका प्रसंगाच्या नोंदी, एवढंच ने.