रिंगणात उतरण्याआधी

चि. मुलीस,

सांबा दे रोदा, म्हणजे रिंगणातला सांबा नाच, शिकायला ब्राझीलच्या बाहियात, रेकोंकावो भागात निघाली आहेस, तर नाचाचा सराव सध्या बाजूला ठेव. आधी टाळी पक्की कर. कडेच्या बायकांची टाळी आणि झील ढिली पडली, की आत नाचणारीचं पाऊल अडखळतंच. 8 मात्रा मोज. टाळी पहिलीवर, चौथीवर, सातवीवर. पहिल्या दोन टाळ्यांनंतर दोन-दोन मात्रा रिकाम्या, तिसरीनंतर एकच. नवशिके तिन्ही अंतरं सारखी करतात आणि सगळं दादऱ्यासारखं डुलायला लागतं. काही जणी हातात लाकडी फळ्या घेतात. काशोएरात दोना दाल्वांनी चिरूट वळणाऱ्या कामगार बायकांचा फड उभा केला, तिथे या फळ्या कान देऊन ऐक.

मग सुरीने घासून वाजवायची ताटली. चिनी मातीची घे, सुरी जेवणाच्या टेबलावरची, बोथट. धारदार पात्याने कडेचे टवके उडतात. ताटली डाव्या हाताच्या बोटांवर तोलायची. तळवा खालून चिकटला की नाद मेला! सुरी कडेवर पुढे-मागे सतत घासत राहायची, जोर फक्त टाळीच्या जागी. मनगट दुखलं, तर दाब जास्त पडतोय.

नाचाचं पाऊल म्हणजे मिउदिन्यो. गुडघे सैल, तळवे जमिनीला टेकलेले, पाऊल जेमतेम बोटभर सरकवायचं. कंबर मुद्दाम हलवू नकोस, पावलांमागे ती आपोआप येते. फरशीवर ‘खस-खस’ ऐकू आलं पाहिजे. ‘थप’ वाजलं म्हणजे टाच उचलली. झिम्म्याची सवय असेल तर हे फार छळतं. रिओच्या कार्निव्हलचे व्हिडिओ तर बघूच नकोस.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. कोरिदो प्रकारात गाणं आणि नाच एकदम चालतात. शूला प्रकारात मात्र गायकांची जोडी गात असताना रिंगण रिकामं राहतं. झील संपून नुसती वाद्यं उरली की एकटीच बाई उतरते, वादकांसमोर, विशेषतः माशेती या छोट्या तंतुवाद्यापाशी नाचते आणि रिंगण फिरून येते. गाण्याच्या मध्येच उतरलीस, तर कुणी ओरडणार नाही, पण टाळी थंडावेल.

2005 मध्ये युनेस्कोने या सांब्याला मान दिला. मंचावरही तो होतो, पण तिथे रिंगण प्रेक्षकांच्या बाजूने उघडं राहतं. शिकायला अंगणातलाच बरा.

उंबिगादा, म्हणजे बेंबीला बेंबी भिडवणं, हे पुढचीला दिलेलं आमंत्रण. धक्का नको, निसटता स्पर्श पुरे. तुला मिळाली की लाजून मागे सरू नकोस, लगेच आत ये. आणि बाहेर पडताना अशी बाई निवड, जी मघापासून टाळी चुकलेली नाही.