जपानीत 'ओकाने' वापरताना

सुरुवातीला लागते तेवढेच सांगतो. जपानीत पैशांना 'ओकाने' म्हणतात. त्यातील पहिला 'ओ' आदराचा असून तो गाळून नुसते 'काने' म्हटल्यास बोलणे रांगडे वाटते, म्हणून तूर्त तो सोडू नका.

'माझ्याकडे पैसे आहेत' असे आपण म्हणतो, तसेच जपानीतही पैसे 'असतात': 'ओकाने गा आरिमासु', आणि नसले की 'ओकाने गा आरिमासेन'. इंग्रजीच्या वाटेने न जाता थेट मराठीतून विचार केलात, तर हे वाक्य आपसूक जमेल. यातला 'गा' हा कर्ता दाखवणारा शब्द. 'पैसे लागतात' यासाठीही 'गा'च येतो: 'ओकाने गा काकारिमासु'. पैशांचे आपण काही करतो तेव्हा मात्र 'गा'च्या जागी कर्म दाखवणारा 'ओ' येतो (हा आदराचा 'ओ' नव्हे):

- 'ओकाने ओ हाराइमासु': पैसे चुकते करतो.
- 'ओकाने ओ ओरोशिमासु': खात्यातून पैसे काढतो.

नवशिके हमखास अडखळतात ते 'कारिमासु' (उसने घेणे) आणि 'काशिमासु' (उसने देणे) या जोडीत. इथे एका अक्षराने सावकाराचा ऋणको होतो. दुकानात किंमत विचारताना 'ओकाने' मुळीच नको, 'इकुरा देसु का' पुरते. परत मिळणारे सुटे पैसे म्हणजे 'ओत्सुरि'. दहा हजारांच्या 'मान' या एककावर चालणारी मोठ्या रकमांची मोजणी सध्या बाजूला ठेवा.