मी फ्रीलान्स इंटिरिअर डिझायनर आहे. बिल पाठवलं की क्लायंट दरवेळी काहीतरी शंका काढतात आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवावं लागतं. अचूक बिल बनवायला कोणतं अॅप वापरावं?

अॅप कुठलंही घ्या, नाहीतर घेऊच नका. मी नाशिकमध्ये रंगकामाची कॉन्ट्रॅक्टं घेतो. बंगले, सोसायट्या, अंबड-सातपूरकडच्या कंपन्यांच्या शेड. आजही बिल एक्सेलमध्येच बनवतो. क्लायंट अडतो तो 'ही रक्कम आली कुठून' यावर, आणि याचं उत्तर तुमच्या कागदात नसेल तर अॅप ते कुठून आणणार?

सुरुवातीला धंद्यात माझे मेहुणे भागीदार होते. त्यांचा ठाम सिद्धांत: बिल जितकं मोघम तितकं बरं. 'संपूर्ण बंगला रंगकाम, मजुरी व मटेरियलसह', पुढे एक आकडा, खाली सही-शिक्का. माप दाखवलं की गिऱ्हाईक चार ठिकाणी बोट घालतं, असं ते म्हणायचे. एका बंगल्याचं बिल त्यांनी असंच एका ओळीत दिलं. मालकांनी चहा पाजला, बिल बघितलं आणि म्हणाले, 'जरा राउंड फिगर करा की.' त्यांच्या राउंड फिगरमध्ये पाचवा हिस्सा गेला. भांडणार कशावर? कागदावर आमच्या बाजूने बोलणारी एकही ओळ नव्हती. मेहुण्यांच्या मते तो मालकच कंजूष होता. या विषयावर आमचं आजतागायत जमलेलं नाही.

त्यानंतर एका सोसायटीचं बाहेरचं रंगकाम मिळालं, चार मजले, दोन विंग. कोटेशन मी लिहिलं, दर चौरस फुटावर. त्यात एक ओळ मुद्दाम घातली होती: 32 चौरस फुटांपर्यंतची खिडकी वजा करणार नाही, आणि त्या बदल्यात खिडकीच्या कडा व छज्जे मोजणार नाही. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. प्लास्टर-रंगाच्या मोजमापाचं आयएस 1200 हे भारतीय मानक आहे, त्यातही अर्धा चौरस मीटरपर्यंतची खिडकी-झरोक्यासारखी मोकळी जागा वजा करत नाहीत, 3 चौरस मीटरपर्यंतच्या वजाबाकीत कडांचा विचार धरलेला असतो, आणि त्याहून मोठी असेल तर पूर्ण वजा करून कडा वेगळ्या मोजतात. 3 चौरस मीटर म्हणजे साधारण 32 चौरस फूट.

काम निम्म्यावर असताना सोसायटीची कमिटी बदलली. नवे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, चष्मा कपाळावर, हातात लाल पेन. पहिल्याच मीटिंगला त्यांनी विचारलं, 'खिडक्यांना रंग लावलाय का तुम्ही? मग त्यांचे पैसे कसले?' बाकीचे सभासद लगेच माना डोलवायला लागले.

मी मापाची शीट पुढे केली. बी विंग, पश्चिमेची भिंत, 42 फूट 6 इंच गुणिले 40 फूट, 1,700 चौरस फूट. शेजारी जुन्या सेक्रेटरींची सही, माप घेतलं त्याच दिवसाची. म्हटलं, 'करा वजा. 5 बाय 4 च्या आठ खिडक्या, 160 फूट गेले. आता कडा धरा. एका खिडकीला चारी बाजूंनी 18 फूट, खोली सहा इंच, म्हणजे 9 चौरस फूट. आठांचे 72. छज्जा 6 फूट बाय दीड, वरून आणि खालून मिळून 18, आठांचे 144. 160 गेले, 216 आले. तुमची भिंत 1,756 झाली.' त्यांनी लाल पेनाने स्वतः गुणाकार करून पाहिला. मग दुसऱ्या दिवशी टेप घेऊन वॉचमनला गच्चीवर उभं केलं आणि दोन भिंती मोजल्या. इंचा-दोन इंचांचा फरक निघाला, तोही त्यांच्याच टेपला झोळ पडल्यामुळे. बिल पास झालं. पुढे डक्टच्या कामाचं पत्र आलं ते त्याच खजिनदारांच्या सहीने. मेहुणे म्हणतात, तो माणूस भला होता म्हणून. असेल बुवा.

तर मुद्दा असा की बिल काम संपल्यावर बनत नाही, ते कोटेशनमध्येच बनतं. कोटेशनमधला आयटम, त्याचं एकक, त्याचा दर, हेच शब्द तसेच्या तसे बिलात यायला हवेत. कोटेशनमध्ये 'वॉर्डरोब' आणि बिलात 'स्टोरेज युनिट' लिहिलंत की फोन आलाच म्हणून समजा. तुम्ही डिझाइनची फी चौरस फुटावर घेत असाल तर कार्पेट एरिया की बिल्टअप, हे आधीच लिहा. टक्क्यावर घेत असाल तर टक्के कशावर? फर्निचर धरून की सोडून? किती वेळा ड्रॉइंग बदलून देणार आणि पुढच्या बदलाचे किती? जास्तीचं काम सांगितलं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर दरासकट लिहून 'ओके' घ्या. तोंडी 'बघू नंतर' म्हणालेलं काम फुकटच गेलं म्हणून समजा.

टप्प्याटप्प्याने बिल देत असाल तर आरए, म्हणजे रनिंग अकाउंट बिलाची पद्धत उचला: आजवरचं एकूण काम, त्यातून मागच्या बिलापर्यंतचं वजा, उरलं ते या बिलाचं. सरकारी कामाचे कॉन्ट्रॅक्टर असंच करतात. अॅडव्हान्सची ओळही प्रत्येक बिलात दिसली पाहिजे, नाहीतर शेवटच्या बिलाला 'आम्ही तर जास्तच दिलेत' सुरू होतं.

'दुरुस्त करून पुन्हा पाठवावं लागतं' असं लिहिलंय तुम्ही, ते मात्र बंद करा. एकाच नंबरची दोन बिलं क्लायंटच्या फोनमध्ये फिरायला लागली की तो सोयीचं तेवढंच दाखवतो. शंका काढून घ्यायची असेल तर आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल पाठवा. पक्कं बिल एकदाच. जीएसटी असेल आणि बिल रिटर्नमध्ये गेलं असेल तर रक्कम कमी करायला क्रेडिट नोट, वाढवायला डेबिट नोट काढायची. रद्द केलेला नंबर पुन्हा वापरायचा नाही.

आता अॅपबद्दल, विचारलंच आहे म्हणून. तुमच्या धंद्यात अॅप एका ठिकाणी नेमकं गंडतं. इंटिरिअरच्या कामात जीएसटीसाठी जागा धरतात ती मालमत्तेची, क्लायंटच्या पत्त्याची नव्हे. तुमची नोंदणी महाराष्ट्रात, क्लायंट पुण्याचा आणि फ्लॅट पणजीला असेल तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी लागतो. बरीच अॅप्स पत्ता बघून डोळे झाकून एकाच राज्यातला सीजीएसटी-एसजीएसटी टाकतात. तेवढं हाताने तपासा. उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही, तर बिलात जीएसटीची ओळच नको. नोंदणीशिवाय तो घेता येत नाही.

क्लायंट कंपनी असेल तर टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने सरकारला भरायचा कर, पैसे देतानाच कापणार. डिझाइनच्या फीवर 10 टक्के आणि काम करून देण्याच्या कॉन्ट्रॅक्टवर व्यक्तीला 1 टक्का. दोन्ही एका बिलात कालवलंत तर अकाउंट्सवाले सगळ्यावर 10 टक्के कापून मोकळे होतात. म्हणून बिलं वेगळी ठेवा. जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा, असं 2017 चं परिपत्रक आहे. आमच्या त्याच खजिनदारांनी एकूण रकमेवर कापला होता. परिपत्रक दाखवल्यावर पुढच्या बिलात निमूट सुधारला. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी असेल तर तिचा नंबर छापा. 2024 पासून छोट्यांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या धंदेवाल्या क्लायंटला पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही, त्यामुळे त्यांचे अकाउंट्सवाले त्या नंबराला जरा जपून असतात.

हे सगळं मोठ्या कामाला. एका बेडरूमचा रंग किंवा तासाभराचा सल्ला असेल तर एकरकमी आकडा सांगा आणि मोकळे व्हा, तिथे मापाची शीट काढलीत तर लोक हसतील. कराचं तुमच्या सीएंना विचारून घ्या, मी रंगवाला माणूस. आणि काही क्लायंट कितीही चोख बिल दिलं तरी पैसे अडकवतातच, एवढं मेहुण्यांचं मी मान्य करतो.

ता.क.: मेहुण्यांनी परवा त्यांच्या गाळ्याच्या रंगाचं विचारलं. 'लम्पसम सांग, घरचंच काम आहे.' रविवारी टेप घेऊन जातोय.