लेक म्हणते, ग्रीक-रोमन पुरातत्त्व शिकणार

मँचेस्टरच्या ताई,

लेकीला मेडिकल नको, ग्रीक-रोमन पुरातत्त्व शिकायचंय, म्हणून तुम्हा दोघांची झोप उडालीय. पोटापाण्याची काळजी रास्तच आहे. ब्रिटनमध्ये मोठं बांधकाम सुरू होण्याआधी पुष्कळदा उत्खनन करावं लागतं, त्यामुळे नोकऱ्या मिळतात. पण पगार डॉक्टरच्या जवळपासही नसतो, आणि विद्यापीठात शिकवायचं तर पीएचडीनंतरही कित्येक वर्षं कंत्राटावर काढावी लागतात. हे तिला आजच सांगा.

मात्र नाही म्हणण्याआधी तिला एकदा उन्हाळी उत्खननावर पाठवा. माझी भाची दक्षिण इटलीत गेली होती. डोक्यात सोन्याची नाणी, हातात आली खापरं! बादलीपाशी उकिडवं बसून जुन्या टूथब्रशने ती घासायची, वाळवायची, मग एकेकावर बारीक निबने नंबर घालायचा. चौथ्या दिवशी तिचा रडत फोन आला. तिसऱ्या आठवड्यात मात्र काठावरून नुसतं बोट फिरवून सांगायला लागली, हा तेलाचा रांजण, हे जेवणाचं ताट. तुमच्या लेकीचा पिंड कसला आहे, ते तिथेच कळेल. फी आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांनाच पैसे भरावे लागतात. आणि लॅटिन आतापासूनच सुरू करू द्या.

तुम्ही विचारलंय, "आपला त्या लोकांशी काय संबंध?" ताई, इ.स. 79 मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई हे रोमन शहर गाडलं गेलं. तिथल्या एका घरात 1938 साली हस्तिदंताची वीतभर बाई सापडली. अंगावर दागिनेच दागिने, हातांत बांगड्यांची चळत, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. आधी तिला लक्ष्मी म्हटलं. आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती बाया आपल्या महाराष्ट्रात, तेरला आणि भोकरदनला निघाल्या आहेत. मूळची ती कुठली, हा वाद अजून चालू आहे. तो सोडवायला रोमन घर आणि सातवाहनांचं तेर, दोन्ही कळणारी माणसं हवीत, आणि मराठी येणारी मुलगी त्यात कितीतरी पुढे असेल!

पाँपेईची ती बाई नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिकडे जमेल तेव्हा जमेल. पण सुट्टीत अंबाबाईच्या दर्शनाला याल, तेव्हा कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात लेकीला नक्की न्या. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, तिथे उभा आहे, ब्रॉन्झचा, छोटासा. त्याच्यासमोर तिला बोलू द्या, तुम्ही दोघं ऐका.