पक्का शाकाहारी आहे, युरोपात स्थानिक चीज खाऊ शकतो का?

चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी असतं असं कळल्यापासून सहलीत चीजच टाळायचं ठरवलंय, असं तुम्ही लिहिलंय. टाळू नका. जमलं तर चार दिवस पोर्तुगालसाठी काढा.

तुमची शंका मात्र रास्त आहे. पनीरसाठी आपण दुधात लिंबू पिळतो. युरोपात दूध घट्ट करायला बहुतेक ठिकाणी रेनेट वापरतात आणि पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढतात. पार्मिजानो रेज्जानो या इटालियन चीजला तर नियमानेच वासराचं रेनेट लागतं. दुकानदार प्रेमाने तुकडा पुढे करतो आणि आपल्याला नाही म्हणावं लागतं, हे मी इटलीत आठवडाभर अनुभवलंय.

म्हणून पोर्तुगालमधल्या सेरा द एस्ट्रेलाच्या डोंगराळ भागात पोचले तेव्हा फार आनंद झाला. तिथलं चीज तीनच गोष्टींचं: मेंढीचं कच्चं दूध, मीठ आणि कार्दु. कार्दु म्हणजे आर्टिचोकच्या जातीचं एक काटेरी झाड. एका छोट्या चीजघरात आजींनी मला त्याचे सुकवलेले जांभळे तुरे दाखवले, केशरासारखेच, फक्त रंग वेगळा. ते मिठाबरोबर खलात कुटले, फडक्यात घेतले आणि त्यावरून कोमट दूध गाळलं. त्या फुलानेच दूध घट्ट होतं. शिवाय ते दुधातली प्रथिनं इतकी मोडतं की मुरलेलं चीज आत लोण्यासारखं मऊ राहतं. पसरू नये म्हणून त्याच्या कडेला कापडाची पट्टी गुंडाळतात. खाताना वरचं साल झाकणासारखं कापायचं आणि चमच्याने पावावर घ्यायचं. आंबूस, खारट, आणि शेवटी किंचित कडू. मला तो कडवटपणाच सगळ्यात आवडला.

इतक्या लांब जाणं जमणार नसेल तर लिस्बनच्या दक्षिणेला अझैताँवचं चीज मिळतं, तेही कार्दुचंच आणि आकाराने लहान, दोघांत संपणारं. स्पेनमध्ये एस्त्रेमादुरा भागातलं तोर्ता देल कासार याच घराण्यातलं.

पोर्तुगालमधली सगळीच चीज अशी नसतात, तेव्हा लेबलवर 'कार्दु' (cardo) शब्द शोधा किंवा 'कार्दु?' एवढंच विचारा, लोक आनंदाने सांगतात. फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा, मगच कापा. आणि विमानात हातातल्या बॅगेत नेऊ नका, मऊ चीज सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात.